चौथ्या गटातलं गाव

साल 1897, ऑगस्ट महिना. राणीसावरगाव निजामाच्या राज्यात आहे आणि परभणीला अजून रेल्वे आलेली नाही. ती यायला तीन वर्षं आहेत. बालाघाटाच्या रांगेतलं गाव, रेणुकामातेचं देऊळ, चिखलानं भरलेली गाडीवाट मागं टाकून तुम्ही त्याच राज्याच्या राजधानीशेजारी, सिकंदराबादच्या छावणीत उभे आहात. बेगमपेठच्या दवाखान्यातली एक खोली. उकाड्यानं जीव नकोसा होतो, तरी पंखा बंद आहे. पंखा ओढला तर टेबलावरचे डास उडून जातील, म्हणून डॉक्टरसाहेबांनी मनाई केली आहे. त्यांच्या कपाळावरचा घाम गळून गळून सूक्ष्मदर्शकाचे स्क्रू गंजले आहेत. साहेबांचं नाव रोनाल्ड रॉस.

तुमची नजर मात्र खाटेकडे जाते. खाटेवर मच्छरदाणी लावली आहे, पण डास बाहेर ठेवायला नव्हे. माणूसही आत आणि सोडलेले डासही आत. माणसाचं नाव हुसैन खान. हिवतापाचा रोगी आहे. डास चावला की डासामागे एक आणा मिळणार, असा ठराव झाला आहे. डास अंगावर बसतो, रक्त पितो, फुगतो, आणि तोवर हुसैन खानला हात झटकायचा नाही. तुम्ही नकळत स्वतःचा दंड चोळता.

हे 16 ऑगस्टचं. 20 ऑगस्टला त्यातलाच एक डास चिरून रॉस त्याचं पोट तपासतात आणि हिवतापाचा जंतू डासाच्या शरीरात वाढतो हे जगात पहिल्यांदा दिसतं. 1902 साली त्यांना नोबेल मिळतं. त्या शोधानं पुढं किती जीव वाचले याची गणती करता येणार नाही, आणि तो शोध निजामाच्याच राज्यात लागला याचा मराठवाड्यानं अभिमान बाळगावा इतका तो मोठा आहे.

पण तुम्ही खाटेजवळ जाता, कारण तुम्हाला विचारायचं आहे. तुला काय सांगितलं, हुसैनभाई? रॉसच्या बाजूनं बोलायचं तर ते डास अळीपासून खोलीतच वाढवलेले होते आणि रोगी आधीच तापानं पछाडलेला होता, तेव्हा या चाव्यांतून नवं दुखणं लागायची भीती फारशी नव्हती. मात्र दोनच वर्षांपूर्वी, 1895 साली, रॉसनी डास मेलेलं पाणी माणसांना पाजून ताप येतो का हेही पाहिलं होतं. ते पाणी पिणाऱ्यांना पेल्यात काय आहे आणि ते कशासाठी आहे, हे कितपत कळलं असेल? साहेब पांढऱ्या कातडीचा, दवाखाना साहेबाचा, रोगी गरीब, आणि एक आणा ही त्या काळी गरिबाला सहज सोडून देता येईल अशी रक्कम नव्हती. हुसैन खानला 'नको' म्हणता आलं असतं का, हा प्रश्न त्या खोलीत कुणालाच पडलेला नाही. तो बरोबर घेऊन पुढं चला.

त्याच वर्षाच्या जानेवारीत, मुंबईत, शहर प्लेगनं रिकामं होत चाललं आहे. ग्रँट मेडिकल कॉलेजातल्या छोट्या प्रयोगशाळेत वाल्डेमार हाफकिन 10 जानेवारीला आपली नवी लस आधी स्वतःलाच टोचून घेतात. दुसऱ्याच्या अंगावर जे करायचं ते आधी आपल्या अंगावर, हा त्यांचा बाणा, आणि तो पाहून तुमचा आदर वाढतो. मग महिनाअखेरीस प्लेग भायखळ्याच्या तुरुंगात शिरतो. जे कैदी तयार होतात त्यांना लस टोचली जाते, बाकीच्यांना नाही. आणि दोन्हीकडचे आजारी, दोन्हीकडचे मृत मोजले जातात. लस उपयोगी ठरते. तुम्ही तुरुंगाच्या भिंतीला टेकून तयार झालेल्यांच्या रांगेकडे पाहता. त्यांनी हात स्वतःहून पुढं केले आहेत, जबरदस्ती कुणी केली नाही. तरी ज्याच्या जेवणाची, झोपेची, सुटकेची किल्ली दुसऱ्याच्या कमरेला आहे, त्याचा होकार कितपत त्याचा स्वतःचा असतो?

आता पन्नास वर्षं ओलांडा. ऑगस्ट 1947. देश स्वतंत्र झाला आहे, पण राणीसावरगाव नाही. मराठवाड्याला अजून वर्षभर रझाकारांच्या छायेत काढायचं आहे. त्याच आठवड्यात, हजारो मैल दूर न्यूरेंबर्गच्या न्यायालयात नाझी डॉक्टरांच्या खटल्याचा निकाल लागतो. छळछावण्यांतल्या कैद्यांना बर्फाच्या पाण्यात बुडवून, मुद्दाम जंतू टोचून ज्यांनी 'संशोधन' केलं त्यांना शिक्षा होतात, आणि निकालपत्रात दहा कलमांची एक संहिता येते. पहिलंच कलम सांगतं की माणसाची स्वखुशीची संमती पूर्णपणे अनिवार्य आहे. भायखळ्याच्या भिंतीपाशी तुम्हाला पडलेल्या प्रश्नाला जगानं कायद्याच्या भाषेत उत्तर दिलं, ते इथं. पुढं 1964 मध्ये जागतिक वैद्यक संघटनेचा हेलसिंकी जाहीरनामा आला, आपल्या भारतीय आयुर्विज्ञान संशोधन परिषदेनं 1980 मध्ये पहिलं धोरणपत्र काढलं.

कागद झाले. पण 1976 ते 1988 या काळात त्याच परिषदेच्या दिल्लीतल्या अभ्यासात 1,158 बायांच्या गर्भाशयमुखात कॅन्सरपूर्व बदल दिसत असताना त्यांच्यावर उपचार न करता ते बदल कसे वाढतात हे पाहिलं गेलं. लेखी संमती घेतलेली नव्हती. काहींना कॅन्सर झाला. हे प्रकरण 1997 मध्ये उजेडात आलं तेव्हा संशोधकांनी तोंडी संमती घेतल्याचं सांगितलं. धोरणपत्र निघाल्यावरही हे चालूच राहिलं, ही गोष्ट मला आजही अस्वस्थ करते. तिच्यापाशी फार थांबत नाही, कारण तुम्हाला जिथं न्यायचं आहे ते ठिकाण मराठवाड्यातच आहे.

साल 2000. तेव्हाचा उस्मानाबाद जिल्हा, आजचा धाराशिव. तुम्ही अडतीस वर्षांच्या आहात. सकाळचं धुणं आटोपलंय, सोयाबीनच्या रानात खुरपायला जायचंय, आणि ओट्यावर दोघी बाया येऊन बसल्या आहेत. पिशवीत कागद, पेन, वह्या. एक जण तुम्हाला मावशी म्हणते.

"मावशी, पिशवीच्या तोंडाच्या कॅन्सरची तपासणी हाय. पैसे लागत न्हाईत."

"मला काय झालंय? मला काय बी होत न्हाई."

"काय होत नसतानाच बघावं लागतंय, मावशी. दुखायला लागल्यावर उशीर झालेला असतोय."

ती कागद वाचून दाखवते. तपासणी कशी करतात, कोण करतं, काही सापडलं तर कुठं न्यायचं, उपचाराचा खर्च. शब्द सोपे आहेत, तरी मधलं मधलं निसटतं. सासू दारातून ऐकतेय. तुम्ही मनातला खरा प्रश्न विचारता: "आन न्हाई म्हणलं तर? उद्या दवाखान्यात घेतील का?" ती म्हणते, घेतील की, त्याचा ह्याचा संबंध न्हाई. ते ऐकून तुम्ही सुटकेचा श्वास टाकता. कागदावर सही येत नाही म्हणून अंगठा. शाईचा डाग पदराला पुसता.

तुमच्या गावात एका बारीक ब्रशनं नमुना घेतला जातो आणि बार्शीला जातो. बार्शीत नर्गिस दत्त स्मारक कॅन्सर रुग्णालय आहे. 1987 पासून तिथं ग्रामीण भागातल्या कॅन्सरच्या रोग्यांची नोंदवही ठेवली जाते, आणि ती देशातली खेड्यापाड्यांची पहिली अशी नोंदवही. नमुन्यात कॅन्सर घडवणारा एचपीव्ही हा विषाणू आहे का, ते तपासायचं आहे. आढळला तर पुढची तपासणी, आणि गरज असेल तिला तिथंच गोठवण्याचा उपचार, म्हणजे खराब भाग थंडीनं मारून टाकायचा. शेजारच्या टापूतल्या गावांत वेगळी पद्धत चालू आहे. तिथं पेशींची काच करून पाहतात. तिसऱ्या ठिकाणी गर्भाशयमुखाला पातळ ॲसिटिक ॲसिड, म्हणजे व्हिनेगरसारखं पाणी लावतात आणि मिनिटभर थांबतात. जिथं पांढरा चट्टा उठतो तिथं संशय.

नागपंचमीला तुम्ही माहेरी जाता. झोक्यावरून उतरताना भावजयीला सगळं सांगता, लाजत लाजत. ती म्हणते, "आमच्यात बी आल्या व्हत्या की त्या बाया. तपासणी काय केली न्हाई. कुटं करत्यात ते सांगून गेल्या." तुम्ही म्हणता, मग जाऊन ये. ती हसते. जायला यायला एक दिवस, एक दिवसाचा रोज बुडणार, बरोबर कोण येणार, आणि काही दुखत नसताना दवाखान्यात जाऊन पाय फाकवून झोपायचं असं सासूला कोणत्या तोंडानं सांगायचं? विषय तिथंच संपतो.

तुमचं माहेर चौथ्या गटात आहे. तुम्हाला ते ठाऊक नाही, भावजयीलाही नाही. जिल्ह्यातल्या गावांचे 52 समूह करून चिठ्ठ्या टाकाव्यात तसे ते चार गटांत वाटले गेले आहेत: तीन गटांना तीन वेगवेगळ्या तपासण्या, चौथ्याला नेहमीची सरकारी सेवा. या चौथ्याला नियंत्रण गट म्हणतात. तीस ते एकोणसाठ वयाच्या 1,31,746 स्त्रिया या अभ्यासात आहेत. अभ्यास टाटा मेमोरियल, बार्शीचं रुग्णालय आणि जागतिक आरोग्य संघटनेची कॅन्सर संशोधन संस्था यांचा, पैसा बिल आणि मेलिंडा गेट्स फाउंडेशनचा. एथिक्स कमिट्यांची मंजुरी आहे. सगळं रीतसर आहे.

2009 पर्यंत पुढं या. निष्कर्ष अमेरिकेतल्या नावाजलेल्या वैद्यकीय नियतकालिकात छापून येतो. एचपीव्ही तपासणीच्या गटात 34,126 स्त्रियांपैकी 34 जणी गर्भाशयमुखाच्या कॅन्सरनं गेल्या. चौथ्या गटात 31,488 पैकी 64. जन्मात एकदा केलेली एकच तपासणी मृत्यू जवळपास निम्म्यावर आणते, हे जगाला धाराशिवच्या बायांनी दाखवून दिलं. इतर दोन पद्धतींनी तसा ठळक फरक पडला नाही. या एका निकालाचा उपयोग पुढं गरीब देशांसाठीच्या शिफारशी ठरवताना झाला. 2021 मध्ये जागतिक आरोग्य संघटनेनं एचपीव्ही तपासणीलाच पहिली पसंती दिली.

आता तो 64 चा आकडा हातात घ्या. यातली एक तुमची भावजय असू शकते.

आकडेवारी वाचताना मी दर वेळी इथंच अडतो. या स्त्रियांना कुणी इजा केली नाही. त्यांच्याकडून काही हिरावून घेतलं नाही. पण कॅन्सर होण्याआधी सापडू शकतो हे ठाऊक असलेली माणसं त्यांच्या दारात आली, नावं लिहून घेतली, आणि आठ वर्षं मोजत राहिली.

याच काळात मुंबईच्या झोपडपट्ट्यांतही टाटा मेमोरियलचा असाच अभ्यास चालू होता, दीड लाखाहून जास्त स्त्रियांचा. निम्म्यांची दर दोन वर्षांनी व्हिनेगरनं तपासणी, निम्म्यांना फक्त आरोग्यशिक्षण. तिथला पैसा अमेरिकेच्या राष्ट्रीय कॅन्सर संस्थेचा. तिसरा अभ्यास तमिळनाडूत दिंडीगुलला. तिन्हीकडच्या तपासणी न झालेल्या गटांत मिळून किमान 254 स्त्रिया दगावल्या, हे एरिक सुबा या अमेरिकी डॉक्टरांनी तक्रार करून आणि लिहून जगापुढं मांडलं. अमेरिकी सरकारच्या ज्या कचेरीकडे संशोधनातल्या माणसांच्या रक्षणाचं काम आहे, तिनं 2012 मध्ये मुंबईच्या अभ्यासातली संमती अपुऱ्या माहितीवर घेतली गेल्याचा निष्कर्ष काढला. उस्मानाबादच्या अभ्यासात अमेरिकी सरकारचा पैसा नव्हता, म्हणून तो त्या कचेरीच्या कक्षेतच आला नाही. पैसा कुठून आला यावर बाईच्या हक्काची चौकशी होणार की नाही हे ठरलं, ही गोष्ट विसरू नका.

संशोधकांची बाजू तुम्ही त्यांच्यासमोर बसून ऐकली पाहिजे, कारण ती माणसं बेफिकीर नव्हती. त्यांतल्या कित्येकांनी सारी हयात खेड्यातल्या कॅन्सरपायी घालवली आहे. ते सांगतात: या जिल्ह्यात तपासणीचा कुठलाच कार्यक्रम नव्हता. चौथ्या गटाला आम्ही जे आहे तेच दिलं, वर माहिती दिली. श्रीमंत देशांतली पेशींची तपासणी आपल्या खेड्यांत चालते की नाही हे कुणी पाहिलेलंच नव्हतं, आणि उस्मानाबादच्या निकालात ती अपेक्षेइतकी चाललीही नाही. तुलनेला गट नसता तर एचपीव्ही तपासणीचा फायदा सिद्धच झाला नसता, आणि सिद्ध न झालेल्या गोष्टीवर सरकार एक रुपया घालत नाही.

हा युक्तिवाद पोकळ नाही. तरी माझं मत विरुद्ध आहे, आणि ते स्पष्ट सांगतो. 'नेहमीची सेवा' या शब्दांमागं सेवा नव्हतीच. सरकारनं गावाला काही दिलं नव्हतं, म्हणून संशोधनानंही न दिलेलं चालेल, हा हिशेब मान्य केला तर ज्या गावाची जितकी जास्त उपेक्षा झाली तितकं ते प्रयोगाला सोयीचं ठरतं. राणीसावरगावासारखी गावं मग जगभरच्या चौथ्या गटांसाठी आयती पडलेलीच आहेत. ऑक्टोबर 2000 मध्ये, उस्मानाबादचा अभ्यास सुरू होऊन वर्षच झालं होतं, तेव्हा हेलसिंकी जाहीरनामा सुधारून त्यात दोन गोष्टी आल्या: नवी पद्धत तपासायची तर तिची तुलना उपलब्ध सर्वांत चांगल्या पद्धतीशी करावी, आणि अभ्यास संपल्यावर जे उपयोगी ठरलं ते सहभागी झालेल्यांना मिळावं. पहिल्या मुद्द्यावर तज्ज्ञ आजही भांडतात. दुसऱ्यावर भांडायला जागाच नाही.

म्हणून आता घड्याळ थोडं मागं फिरवा आणि गडचिरोलीला चला. डॉ. अभय आणि डॉ. राणी बंग 1986 मध्ये तिथं आले. वसा आणि अमिर्झा या दोन गावांत राणीताईंनी बायांची तपासणी सुरू केली. अंगावरून पांढरं जातंय, ओटीपोटात दुखतंय, हे ज्या गोष्टींना बाया 'बाईच्या जातीला असायचंच' म्हणत होत्या, त्यांची मोजदाद. 650 स्त्रियांपैकी 92 टक्क्यांना स्त्रीरोग निघाले. त्याआधी डॉक्टरकडून अशी तपासणी झालेल्या फक्त 8 टक्के. हा अभ्यास जानेवारी 1989 मध्ये 'लॅन्सेट'मध्ये छापून आला तेव्हा खेड्यातल्या बाईच्या आरोग्याकडे पाहण्याची जगाची नजर बदलली. गावाला विचारून, गावातल्या लोकांना बरोबर घेऊन काम झालं आणि जिला आजार निघाला तिला उपचार मिळाले.

पण माझा खरा मुद्दा त्यानंतरच्या प्रयोगाचा आहे. 1993 पासून गडचिरोलीत नवजात बाळांचा अभ्यास झाला. 39 गावांत गावातल्याच बायांना शिकवून आरोग्यदूत केलं. त्या घरी जाऊन बाळाला ऊब द्यायच्या, वजन करायच्या, श्वास मोजायच्या, जंतुसंसर्ग झाला तर औषध आणि इंजेक्शन द्यायच्या. शेजारच्या 47 गावांत चालू सरकारी सेवा आणि जन्म-मृत्यूची नोंद. म्हणजे इथंही तुलनेची गावं होती. तिथंही बाळं गेली आणि मोजली गेली. तिसऱ्या वर्षी दोन्हींकडच्या नवजात मृत्युदरात 62 टक्क्यांचा फरक पडला. उस्मानाबादला लावलेली कसोटी गडचिरोलीलाही लावा, मग ती माणसं कितीही आपली, कितीही आदराची असोत.

आणि मग आजच्या राणीसावरगावात या. एका घरात बाळंतीण आहे, बाज भिंतीला लावलेली, शेगडीचा धूर, ओव्याचा वास. दारात आशाताई उभी. पिशवीतून वजनकाटा काढते, बाळाला झोळीत घालून काटा उचलते, आकडा वाचते, पुन्हा वाचते. काखेत थर्मामीटर लावते. पोटाकडे बघत, घड्याळ धरून मिनिटभर श्वास मोजते. त्या मिनिटात घरातलं कुणी बोललं तर हातानं गप्प करते. आजी म्हणते, "परवाच तर येऊन गेलीस." आशाताई म्हणते, "आज्जे, तिसऱ्या दिशी आले व्हते, आज सातवा. चौदाव्याला परत येते." मग एकविसावा, अठ्ठाविसावा, बेचाळिसावा. घरातलं कुणी विचारत नाही की हे दिवस कुणी ठरवले. गडचिरोलीच्या त्या प्रयोगातून निघालेली ही घरोघरची बाळसेवा 2011 मध्ये केंद्र सरकारनं देशभर आशांच्या हाती दिली. त्या 47 गावांतली बाळं परत येणार नाहीत. पण त्यांच्या मोजणीतून जे कळलं ते दर बाळंतिणीच्या दारात चालत येतं, मोफत, अगदी राणीसावरगावच्या गंगाखेड तालुक्याच्या टोकाच्या वस्तीवरसुद्धा.

उस्मानाबादच्या अभ्यासातून जे कळलं ते कुणाच्या दारात आलं?

उत्तर द्यायच्या आधी आणखी एका ठिकाणी थांबू, कारण 'नको' म्हणता येतं का हा जुना प्रश्न अजून तुमच्याबरोबर आहे. दिवाळीनंतरचा काळ. बालाघाटाच्या डोंगरातल्या गावांतून ऊसतोडीला गेलेल्या जोडप्यांच्या कोप्या उसाच्या फडाशेजारी पडल्या आहेत. 2019 मध्ये शेजारच्या बीड जिल्ह्यात सरकारी समितीसाठी 82 हजारांहून जास्त ऊसतोड स्त्रियांची पाहणी झाली आणि त्यातल्या 13 हजारांहून जास्त जणींची पिशवी काढलेली निघाली. तेव्हापासून या कोप्यांकडे अभ्यास करणाऱ्यांची ये-जा वाढली आहे, आणि वाढायलाच हवी होती. आज एक ताई टॅब घेऊन आली आहे. तुम्ही मोळी बांधताय. ती अदबीनं विचारते, "मावशी, तुमची पिशवी काढली का? कधी? कुणी सांगितलं?" चार हातांवर मुकादम उभा आहे. त्याच्याकडून हंगामाची उचल घेतली आहे आणि ती फिटेपर्यंत कोयता म्हणजे तुम्ही दोघं त्याला बांधील आहात. मुकादम म्हणतो, "सांगा की, चांगल्या बाई हायत्या." तुम्ही सांगता. टॅबवर 'संमती दिली' या चौकटीत टिक पडते.

ही संमती नाही. भायखळ्यातल्या कैद्याची जेवढी होती तेवढीही ही नाही. त्या ताईचा हेतू निर्मळ आहे. तिला फक्त मुकादम जाईपर्यंत थांबायला, किंवा संध्याकाळी चुलीपाशी एकटीला गाठायला कुणी शिकवलं नाही. मुंबईच्या सेहत या संस्थेच्या पुढाकारानं आरोग्यविषयक सामाजिक संशोधनासाठी 2000 मध्येच देशी मार्गदर्शक तत्त्वं तयार झाली. औषधाच्या चाचणीइतकीच प्रश्नावलीही माणसाला दुखवू शकते, हे त्यांतून शिकण्यासारखं आहे. रक्त न काढताही बाईचं घर मोडता येतं, तिची गोष्ट भलत्याच्या कानावर पडू दिली की पुरे.

आजचे नियम तुमच्या बाजूचे आहेत, हे मात्र पक्कं ध्यानात ठेवा. आयुर्विज्ञान संशोधन परिषदेची 2017 ची मार्गदर्शक तत्त्वं आणि औषध चाचण्यांसाठी 2019 चे नियम आहेत. संमतीपत्र तुमच्या भाषेत पाहिजे. वाचता येत नसेल तर संशोधकाचा माणूस नसलेला साक्षीदार पाहिजे. कागदाची एक प्रत तुमच्या घरी राहिली पाहिजे, आणि तिच्यावर कुणाला फोन करायचा ते लिहिलेलं पाहिजे. मधूनच बाहेर पडता येतं, कारण सांगावं लागत नाही, आणि त्यापायी उपचार थांबत नाही. चाचणीमुळं इजा झाली तर उपचार आणि भरपाई. एथिक्स कमिटीत किमान सात जण, त्यांत कायद्याचा जाणकार, आणि वैद्यकाशी संबंध नसलेला साधा नागरिकही असावा लागतो. अध्यक्ष त्या संस्थेबाहेरचा. तो साधा नागरिक बहुतेक वेळा शहरातलाच असतो. ऊसतोड केलेली बाई त्या खुर्चीवर बसली तर पहिला प्रश्न कुठला येईल, ते तुम्ही मुकादमासमोर उभं राहून नुकतंच शिकलात.

आता उरलेलं उत्तर. 2016 मध्ये केंद्र सरकारनं तीस ते पासष्ट वयाच्या प्रत्येक स्त्रीची पाच वर्षांतून एकदा गर्भाशयमुखाची तपासणी करायचं ठरवलं, व्हिनेगरच्या पद्धतीनं. कागदावर ती मोफत आहे. त्यानंतर 2019 ते 21 मध्ये राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणी झाली. तीस ते एकोणपन्नास वयाच्या स्त्रियांपैकी आयुष्यात एकदा तरी ही तपासणी झालेल्या किती? देशभरात 1.9 टक्के. शंभरात दोनही नाहीत. म्हणजे उस्मानाबादचा निकाल छापून दहा वर्षं उलटून गेल्यावर जवळजवळ सगळा देश चौथ्या गटात होता.

हे संशोधकांचं एकट्यांचं अपयश नाही. अभ्यास करणाऱ्यांच्या हातात तिजोरी नसते. पण अभ्यासाला मंजुरी देणाऱ्या कमिटीनं पहिल्याच दिवशी विचारायला हवं होतं की उपयोग सिद्ध झाला तर ही तपासणी या जिल्ह्यात कोण, कधी, कुणाच्या पैशानं आणणार, आणि त्याचं लेखी उत्तर सरकारकडून घ्यायला हवं होतं. गडचिरोलीच्या अभ्यासाचं देणं फेडायला एक तप लागलं, पण ते फिटलं. उस्मानाबादचं अजून अंगावर आहे, आणि ते टाटाच्या किंवा गेट्सच्या नावावर टाकून महाराष्ट्र सरकारला मोकळं होता येणार नाही.

परभणी, धाराशिव, बीड, लातूरच्या जिल्हा परिषदांच्या आरोग्य समित्यांनी एचपीव्ही तपासणीचा ठराव करावा आणि त्यासाठी निधी मागावा. पुढच्या वेळी गावात कुणी कुठलाही अभ्यास घेऊन आलं तर ग्रामसभेनं एकच गोष्ट इतिवृत्तात लिहून घ्यावी: आमचं गाव कुठल्या गटात आहे आणि निकाल लागल्यावर आम्हाला काय मिळणार. आणि तुम्ही तिशीच्या पुढं असाल तर राणीसावरगावच्या प्राथमिक आरोग्य केंद्रात या आठवड्यात जा, काही दुखत नसतानाच जा, आणि पिशवीच्या तोंडाची तपासणी करा म्हणून सांगा. होत नाही म्हणाले तर का होत नाही ते लिहून मागा. येताना भावजयीलाही घेऊन या.